रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना बुरशीचं औषध: सुरुवात करण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर

पावसाळ्यात इंदूरमधल्या कुठल्याही मेडिकलवर थोडा वेळ उभं राहा. कुणाला गजकर्ण, कुणाच्या पायाच्या बोटांत चिखल्या, कुणाला जांघेत खाज. "काहीतरी जालीम द्या, क्रीमनं काही होत नाही," असं म्हणणारा दर थोड्या वेळानं येतोच. त्याच घरात बहुतेक वेळा एक आजोबा किंवा काकू असतात, ज्यांना हृदयासाठी किंवा पायातल्या गुठळीसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असते. ही दोन औषधं एकाच पोटात गेली की काय होतं, हे घरात सहसा कुणाला माहीत नसतं. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतली पुष्कळ मराठी कुटुंबं आमच्याकडे येतात. ज्यांच्या घरी अशी गोळी नुकतीच सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. यातलं काहीही वाचून गोळी स्वतः बंद करू नका, अर्धी करू नका, वाढवू नका. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. तुमचं काम म्हणजे योग्य माणसाला योग्य वेळी योग्य माहिती देणं आणि रक्ताची तपासणी वेळेवर करून घेणं. एवढं झालं तर बहुतेक वेळा ही दोन्ही औषधं सांभाळून घेता येतात. शिवाय लक्ष दोन वेळा द्यावं लागतं: बुरशीचं औषध सुरू होताना एकदा आणि ते संपल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळेचा विसर जवळजवळ सगळ्यांनाच पडतो.

पहिली पायरी: तुमची गोळी नेमकी कुठली?

"रक्त पातळ करायची गोळी" या एका नावाखाली लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून स्ट्रिप हातात घ्या आणि मोठ्या ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा.

तिथे असेनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन लिहिलं असेल, तर गोळी जुन्या घराण्यातली आहे. आपल्याकडे अ‍ॅसिट्रोम आणि वॉर्फ ही नावं जास्त दिसतात. या गोळ्या शरीरातल्या 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात आणि त्यांचा परिणाम आयएनआर या रक्ताच्या तपासणीनं मोजतात. आकडा जितका मोठा, तितका रक्त गोठायला जास्त वेळ. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना आणि संधिवाती तापामुळे मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना हीच गोळी देतात, कारण नव्या गोळ्या तिथे चालत नाहीत.

ओळीत रिव्हारोक्सॅबन, अपिक्सॅबन किंवा डाबिगॅट्रान असेल, तर ती नवी गोळी. हिला नियमित आयएनआर लागत नाही. लोकांना याचं हायसं वाटतं, पण बुरशीच्या औषधाच्या बाबतीत हीच अडचण ठरते. ते पुढे येईल.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या गोळ्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत. स्टेंट बसवलेल्यांना यांतल्या दोन एकत्र चालू असतात. त्यांचं गणित निराळं आहे.

स्ट्रिपचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अ‍ॅसिट्रोम १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येते. "ती छोटी पांढरी गोळी" एवढ्या माहितीवर कुणालाच काही सांगता येत नाही.

दुसरी पायरी: बुरशीचं औषध कुठल्या जातीचं?

इथे जरा थांबून नीट वाचा, सगळा घोळ इथेच होतो.

सर्वात जपून राहायचं ते 'कोनॅझोल'नं संपणाऱ्या पोटात घ्यायच्या औषधांपासून: फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, केटोकोनॅझोल. नुसतं 'झोल' बघून मात्र घाबरू नका. पँटोप्रॅझोल आणि ओमेप्रॅझोल आम्लपित्ताची औषधं आहेत. मेट्रोनिडॅझोलही बुरशीचं औषध नाही, पण ते वॉर्फरिनचा परिणाम चांगलाच वाढवतं, म्हणून त्याचंही नाव लक्षात ठेवा. अंगावरून पांढरं जाण्यासाठी तीन औषधांचं एक किट मिळतं. त्यात फ्लुकोनॅझोलबरोबर अझिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोलच्याच कुळातलं सेक्निडॅझोल असतं. अ‍ॅसिट्रोम चालू असलेल्या बाईनं हे किट परस्पर घेणं धोक्याचं आहे. फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी घ्यायची असली, तरी डॉक्टरांना विचारूनच.

टर्बिनाफिन वेगळ्या जातीचं आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी ते तुलनेनं कमी भांडतं. पण मेटोप्रोलॉलसारख्या नाडी मंद करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवू शकतं, म्हणून तीही चालू असेल तर सांगा. ग्रिसिओफुल्विन नेमकं उलटं वागतं. ते वॉर्फरिनचा जोर कमी करतं, म्हणजे तिथे भीती रक्तस्रावाची नसून गुठळीची असते.

त्वचेवर लावायची क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोलची क्रीमं अंगात फारच थोडी शोषली जातात. थोड्या जागेवर लावायला सहसा हरकत नसते.

आता तोंडाच्या जेलबद्दल. लोक याला औषधच समजत नाहीत. कवळी वापरणाऱ्या आजींना किंवा दम्याचा पंप घेणाऱ्यांना तोंडात पांढरा थर येतो, जीभ झोंबते, तिखट खाववत नाही. कुणीतरी मायकोनॅझोलचं जेल सुचवतं. ते जिभेवर, हिरड्यांवर लावायचं असतं, आणि लावता लावता बरंचसं गिळलं जातं. यकृतातल्या ज्या विकरानं (एन्झाइमनं) वॉर्फरिन मोडलं जातं, तेच विकर मायकोनॅझोल अडवतं. नुसत्या या जेलमुळे आयएनआर धोकादायक पातळीवर जाऊन गंभीर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. त्या लक्षात घेऊन ब्रिटनच्या औषध नियामकांनी वॉर्फरिन घेणाऱ्यांसाठी खास इशाराही दिला. म्हणून अ‍ॅसिट्रोम किंवा वॉर्फ चालू असेल तर मायकोनॅझोलचं तोंडाचं जेल आपणहून कधीच घेऊ नका. योनीमार्गात ठेवायच्या मायकोनॅझोलच्या गोळीला आणि जांघेसारख्या ओलसर, मोठ्या भागावर रोज चोपडायच्या मायकोनॅझोल क्रीमलाही हेच लागू. तोंडासाठी निस्टॅटिन हा पर्याय असतो. ते पोटातून रक्तात जवळजवळ जातच नाही. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. आणि कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. पंप घेतल्यावर चूळ भरायची. यानं अर्धं दुखणं परत येत नाही.

हे असं का होतं?

मोरीच्या जाळीत केर अडकला की नळ रोजच्याइतकाच सोडला तरी पाणी तुंबतं. इथेही तेच होतं. तुम्ही गोळी रोजचीच घेता, पण यकृतातून ती बाहेर जायची वाट बंद होते. फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल २सी९ या विकराला अडवतात. वॉर्फरिनचा जास्त जोरकस भाग याच विकरानं मोडला जातो आणि असेनोकुमारॉलही बऱ्याच अंशी त्याच्यावरच अवलंबून असतं. इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ३ए४ हे विकर जोरात अडवतात. शिवाय पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा जो प्रथिनाचा पंप औषध पेशींबाहेर टाकतो, त्यालाही ते रोखतात. रिव्हारोक्सॅबन आणि अपिक्सॅबन या दोन्ही वाटांनी जातात, डाबिगॅट्रान पंपाच्या वाटेनं. हे पाठ करायची गरज नाही. "बुरशीचं औषध आहे, रक्ताशी काय संबंध" असं कुणी म्हणालं, तर संबंध यकृतात आहे, एवढं लक्षात असू द्या.

तिसरी पायरी: कुणाला काय सांगायचं

आपल्याकडे घरी मराठी, दुकानात आणि दवाखान्यात हिंदी. आजी घरात नीट सांगतात आणि काउंटरवर गडबडतात. म्हणून एक वाक्य हिंदीत लिहून पाकिटात ठेवा: "मुझे खून पतला करने की दवा एसिट्रोम चल रही है। यह फंगल की दवा उसके साथ चलेगी?" त्याखाली गोळीचं नाव, रोजचा डोस, कशासाठी चालू आहे आणि शेवटचा आयएनआर तारखेसह. दवा बाजारातून महिन्याची औषधं घाऊक भावात आणणाऱ्यांना हे जास्तच सांगायला हवं. तिथल्या गर्दीत कुणी तुमच्या बाकीच्या गोळ्यांची चौकशी करत नाही, तुम्हालाच आपणहून सांगावं लागतं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांची फाइल बरोबर न्या. "ती फाइल वेगळी आहे" म्हणून घरी ठेवू नका. सध्या गजकर्णावर इट्राकोनॅझोल कित्येक आठवडे देतात. भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची चिवट बुरशी पसरली आहे आणि तिच्यावर टर्बिनाफिन बऱ्याचदा चालत नाही. म्हणजे टर्बिनाफिन सुरक्षित म्हणून तेच द्या, असं डॉक्टरांना दर वेळी जमणार नाही. त्यांना निवड करायची असेल तर तुमची पूर्ण यादी हवी.

इट्राकोनॅझोलबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी, कारण रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांचं हृदय आधीच नाजूक असतं. हे औषध हृदयाची आकुंचनाची ताकद कमी करू शकतं. हार्ट फेल्युअर असेल, पाय सुजत असतील, चालताना दम लागत असेल तर आधी सांगा. नखांच्या बुरशीसाठी तर अशा रुग्णांना ते देऊच नये. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची रक्तातली पातळी त्यानं वाढते. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर ते बरोबर चालत नाही, आणि अटोरव्हास्टॅटिनबद्दलही विचारावं लागतं. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पोटातल्या आम्लावर विरघळते, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यायची. सकाळी पँटोप्रॅझोल घेऊन वर कॅप्सूल घेतली तर औषध नीट लागू पडत नाही. मग लोक म्हणतात गजकर्ण जातच नाही, आणि कोर्स आणखी लांबतो.

शेजाऱ्यानं दिलेली ट्यूब लावू नका. बाजारात बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड एकत्र असलेली क्रीमं सर्रास मिळतात. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते. त्यात स्टेरॉइडनं कातडी पातळ होते आणि रक्त पातळ असलेल्या माणसाच्या पातळ कातडीवर जरा धक्का लागला तरी काळेनिळे डाग उठतात.

चौथी पायरी: अ‍ॅसिट्रोम किंवा वॉर्फ चालू असेल तर आयएनआर

बुरशीचं औषध सुरू करण्याआधी एक आयएनआर करून घ्या. तो हातात असला की पुढचा आकडा कशाशी ताडायचा ते कळतं. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी किंवा पायातल्या गुठळीसाठी साधारण २ ते ३ हा पल्ला असतो, मायट्रल जागी धातूची झडप असेल तर बहुधा २.५ ते ३.५. तुमचा पल्ला तुमच्या फाइलमध्ये लिहिलेला असेल, तोच धरायचा.

औषध सुरू झाल्यावर साधारण ३ ते ५ दिवसांनी दुसरी तपासणी, मग औषध चालू असेपर्यंत दर आठवड्याला, किंवा डॉक्टर सांगतील तशी. फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल असेल तर काही डॉक्टर पहिल्याच दिवशी अ‍ॅसिट्रोमचा डोस कमी करून देतात, काही आकडा बघून कमी करतात. दोन्ही पद्धती आहेत. तुम्ही फक्त विचारा: "डोस आत्ताच बदलायचा की रिपोर्ट आल्यावर?" आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. रिपोर्टमध्ये नुसते प्रोथ्रॉम्बिन टाइमचे सेकंद असतील तर आयएनआर मागून घ्या. घरी एका वहीत तारीख, आयएनआर, त्या दिवशीचा डोस आणि बुरशीच्या औषधाची सुरुवात-शेवट अशी नोंद ठेवा. डॉक्टरांना या वहीनं फार मदत होते. पालक, मेथी, कोथिंबीर खायला बंदी नाही, पण रोज साधारण सारखीच असू द्या. औषध चालू आहे म्हणून एकदम पालेभाजी बंद केली तर आयएनआर आणखी चढतो. श्रावणातला उपवास, जुलाब, तोंड आल्यामुळे न जेवणं, यांनीही तो चढतो. आजारी माणूस खातच नसेल तर तपासणी लवकर करा.

पाचवी पायरी: नवी गोळी असेल तर

रिव्हारोक्सॅबन, अपिक्सॅबन, डाबिगॅट्रान घेणाऱ्यांना आयएनआर बघून सावध होता येत नाही. धोका वाढला तरी रोजच्या तपासणीत दिसत नाही. म्हणून इथे सगळी काळजी आधीच घ्यावी लागते. पोटातून घ्यायचं इट्राकोनॅझोल किंवा केटोकोनॅझोल चालू असेल तर रिव्हारोक्सॅबन टाळतात आणि युरोपात डाबिगॅट्रानबरोबर ती दोन्ही निषिद्ध आहेत. अपिक्सॅबनच्या बाबतीत अमेरिकेतल्या औषधपत्रकात ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा डोस निम्मा करायला सांगितलं आहे, आणि आधीच २.५ घेणाऱ्यांना ही जोडी टाळायला. युरोपात ही जोडी देऊच नये असा सल्ला आहे. फ्लुकोनॅझोलकडे पूर्वी इतकं लक्ष नव्हतं. पण २०१७ साली तैवानमधल्या ९१ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, या गोळ्यांबरोबर फ्लुकोनॅझोल घेतलेल्यांमध्ये मोठा रक्तस्राव जास्त आढळला. मूत्रपिंड मंदावलेल्या वयस्कर माणसात औषधं आणखी साचतात. म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, एमवाय हॉस्पिटलमध्ये म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) रुग्ण मोठ्या संख्येनं आले, ते इंदूरला विसरता येणार नाही. त्यांतल्या अनेकांना अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीच्या इंजेक्शननंतर पोसाकोनॅझोल महिनोन्‌महिने घ्यावं लागलं, आणि कोविडनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही पुष्कळांना दिल्या जात होत्या. मधुमेही माणसाला पुन्हा असा आजार झाला आणि पोसाकोनॅझोल सुरू झालं, तर पहिल्याच दिवशी ही यादी पुढे करा.

स्टेंटवाल्यांसाठी थोडक्यात. टिकाग्रेलॉरबरोबर इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल चालत नाहीत. क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, त्यामुळे फ्लुकोनॅझोलनं उलट त्याचा जोर कमी होऊ शकतो. अ‍ॅस्पिरिनशी या औषधांचं फारसं वाकडं नाही.

सहावी पायरी: कशाकडे लक्ष ठेवायचं

घरात एका माणसावर ही जबाबदारी द्या. रोज विचारायचं: ब्रश करताना रक्त आलं का, मार न लागता काळेनिळे डाग उठले का, लघवी लाल किंवा चहासारखी झाली का, नाकातून रक्त येऊन थांबत नाही का, पाळी नेहमीपेक्षा जास्त जाते का. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट झालं तर ते पोटातलं रक्त असू शकतं. लोहाच्या गोळीनंही शौच काळं होतं, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि अ‍ॅसिट्रोम किंवा वॉर्फ चालू असेल तर आयएनआरही करा.

थांबायचं नाही अशी लक्षणं: अचानक प्रचंड डोकेदुखी, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं, रक्ताची उलटी, पुष्कळ काळं शौच होऊन चक्कर येणं, किंवा डोक्यावर पडणं, मग वर जखम दिसो वा न दिसो. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा, आणि स्ट्रिप व वही बरोबर घ्या. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच, कारण रोज जास्त घेतलं तर तेही आयएनआर वाढवतं.

घाबरून गोळी बंद करण्याची चूकही जिवावर बेतू शकते. धातूची झडप असलेल्या माणसानं अ‍ॅसिट्रोम स्वतःच्या मनानं आठवडाभर बंद केली, तर झडपेवर गुठळी बसू शकते.

सातवी पायरी: बुरशीचं औषध संपल्यावर

इथे लोक सुटलो म्हणतात. कोर्स संपलेला असतो, पण अ‍ॅसिट्रोमचा डोस अजून कमीच चालू असतो. बुरशीचं औषध हळूहळू शरीरातून जातं, यकृताची वाट मोकळी होते आणि आयएनआर घसरू लागतो. तो पल्ल्याखाली गेला की आता धोका गुठळीचा, लकव्याचा. फ्लुकोनॅझोल अंगातून जायला साधारण आठवडा लागतो, मूत्रपिंड मंद असेल तर त्याहून जास्त. इट्राकोनॅझोल लांब कोर्सनंतर एक ते दोन आठवडे अंगात राहतं. म्हणून कोर्सच्या शेवटच्या दिवशीच पुढच्या दोन तपासण्यांच्या तारखा ठरवा: साधारण एका आठवड्यानं एक, दोन आठवड्यांनी दुसरी. आयएनआर जुन्या डोसवर दोनदा पल्ल्यात आला की मग नेहमीच्या वेळापत्रकावर परतायला हरकत नाही. नव्या गोळीचा डोस मध्ये कमी केला असेल, तर तो परत कधी वाढवायचा याची तारीख चिठ्ठीवर लिहूनच घ्या, कारण तिथे आठवण करून द्यायला कुठलाही रिपोर्ट येणार नाही.

उरलेल्या फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या औषधाच्या डब्यात पडू देऊ नका. पुढच्या पावसाळ्यात खाज सुटली की घरातलं कुणीतरी त्याच डब्यात हात घालतं, आणि त्या वेळी आजींचा आयएनआर कुणी काढलेला नसतो.